साखळीकाकांची झाकणं

दुपारची जेवणं आटोपून बायका जरा आडव्या होत, नेमक्या त्या वेळी साखळीकाका दारात येऊन उभे राहत आणि खणखणीत आवाजात विचारत, "वहिनी, घरात उघडं काय आहे?"

ज्यांना हे गृहस्थ ठाऊक नव्हते त्या बायका या प्रश्नाने दचकत. ज्यांना ठाऊक होते त्या निमूट आत जात आणि झाकण नसलेलं एखादं भांडं आणून त्यांच्यापुढे ठेवत, कारण भांडं पाहिल्याशिवाय काका हलत नसत. मग ते कोटाच्या खिशातून सुतळी काढत, भांड्याच्या तोंडावर ताणून धरत, बरोबर काठावर गाठ मारत आणि म्हणत, "ठीक. तुमची हद्द कायम झाली. झाकन येऊन जाईन."

झाकण येऊन जायचं. बसायचं मात्र नाही.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होण्याआधी वर्ष-दोन वर्षं वाशीमला आमच्या मुलींच्या शाळेत दर रविवारी मोठ्या माणसांचा मातीकामाचा वर्ग भरत असे. मी त्या शाळेची हेडबाई, त्यामुळे वर्गाची व्यवस्था माझ्याकडे होती आणि कोणी काय केलं ते मला चांगलं आठवतं. कंपाउंडरांनी दौत केली. ती इतकी जड झाली की तिच्यात शाई भरून ती उचलण्यापेक्षा टाक तिच्याकडे नेणं सोपं पडे. माझ्या मदतनीस बाईंनी मोर केला आणि पाहणारे त्याला बदक म्हणतात म्हणून शेवटी बदकावर समाधान मानलं. मी एक कुंडी केली. तिच्यात मी अजून कोथिंबीर लावते. साखळीकाकांनी मात्र पहिल्या रविवारपासून भांड्याला हात लावला नाही. त्यांनी फक्त झाकणं केली.

काकांचं खरं नाव विनायकराव. त्यांची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. मेडशीपासून मानोऱ्यापर्यंत असा बांध नसेल ज्यावर त्यांनी लोखंडी साखळी टाकली नाही. पेन्शनीत आल्यावरही एक झिजलेली साखळी त्यांच्या ओसरीत खुंटीवर टांगलेली असे. दसऱ्याला ते तिला तेल लावत आणि झेंडूचं फूल वाहत. त्यांचं आणि माझं घर एका भिंतीचं, म्हणून मी ही पूजा दरवर्षी पाहिली आहे.

मोजणीने काकांच्या बोलण्याचा ताबा घेतला होता. डावं-उजवं ते मानत नसत. "डावं-उजवं मानसासंगं फिरते, बाई. दिशा फिरत नाई." न्हाव्यापुढे बसले की सांगत, "नैर्ऋत्येची मिशी लांब राह्यली." एकदा वर्ग चालू असताना मला म्हणाले, "हेडबाई, तुमच्या पदराच्या ईशान्येले मुंगळा आहे." मी ईशान्य शोधेपर्यंत मुंगळ्याने आपलं काम उरकलं होतं.

कुठल्याही भांडणात त्यांचं एकच म्हणणं असे. "माप काय म्हन्ते ते सांगा. मानसं काय म्हन्तेत ते मी लय आइकलं."

त्यांची बायको वेणूकाकू ठेंगणी, चटपटीत आणि जिभेला धार असलेली. काकांच्या या सवयींवर ती गल्लीभर बोले आणि काका ते कौतुकाने ऐकत. "आमच्या लग्नात सप्तपदी चालू होती," ती सांगे, "अन् हे मधीच थांबून भटजीले म्हन्तेत, पावलं सारखी नाई पडून राह्यली, पुन्हा घ्या. मले वाटलं, बाप्पा, हा मानूस मले घरी नेऊन राह्यला का शेतात?"

आता वर्गाबद्दल. शाळांतून हस्तकला शिकवावी असं वरून आलं होतं आणि आमचे तरुण ड्रॉइंग मास्तर वानखडे यांना त्यासाठी शिकायला पाठवलं होतं. ते उत्साहाने भारून परतले. मुलींना शिकवण्याआधी मोठ्या माणसांवर हात बसवावा असं मी सुचवलं, म्हणून रविवारचा वर्ग निघाला. चाक नव्हतं. सगळं हातानेच करायचं होतं. मी सामानाची जुळवाजुळव केली: चाळलेली माती, दोन टोपली, गोणपाट, बांबूच्या चिपा, माती कापायला तार, बसायला पाट. मास्तरांनी पहिल्या दिवशी जे नियम सांगितले ते मी फळ्यावर लिहिले आणि ते वर्षभर पुसू दिले नाहीत. माती इतकी मळा की आत हवा राहता कामा नये, नाहीतर ती भाजताना फुटते. जोड द्यायचा तिथे आधी ओरखडे काढा आणि पातळ चिखल लावा. एक बाजू जाड, एक बाजू पातळ असं करू नका. वाळवण्याची घाई करू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका. आणि शेवटचा नियम: माती आकसते.

आधीचे सगळे नियम काकांनी मान्य केले. शेवटच्यावर त्यांनी अपील केलं.

"माती आकसते हे कोन म्हन्ते?"

"सगळेच म्हणतात, काका," मास्तर म्हणाले. "वाळताना थोडी, भाजताना आणखी थोडी. कुंभारालाही विचारा."

"कुंभारानं साखळी टाकली होती का?"

"अहो, तिच्यातलं पाणी उडून जाते ना."

"पानी गेलं तं वजन कमी व्हावं. जागा काहून कमी व्हावी? उन्हाळ्यात विहीर आटते, तं तिचं तोंड लहान होते का?"

मास्तरांनी फळ्यावरच्या त्या नियमाकडे बोट दाखवलं. ते पंचविशीतले होते आणि काका आवाज चढवून बोलत. काकांनी विजयी मुद्रेने सुतळी काढली आणि तिच्या मापाचं, केसभरही इकडेतिकडे नाही असं, पहिलं झाकण केलं.

गावाबाहेरच्या कुंभाराने आपल्या आव्यात आमच्या वस्तू भाजून द्यायचं कबूल केलं होतं. पहिला आवा उघडला आणि काकांची झाकणं घरोघर गेली. कंपाउंडरांच्या घरी ते कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर ठेवताच सरळ आत गेलं आणि तळाशी जाऊन बसलं. कंपाउंडरीणबाईंनी चार महिन्यांनी ते काढून परत पाठवलं आणि निरोप दिला, "लोनचं मुरलं. झाकन बी मुरलं." कोणाचं झाकण तुळशीखाली पाणी धरायला गेलं, कोणी त्यात उदबत्त्या खोचल्या. आमच्या गल्लीतल्या पोरांना तर लगोरीला फरशीचे तुकडे शोधायची गरजच उरली नाही.

काका खचले नाहीत. चिडले मात्र. प्रत्येक पडलेलं झाकण ते परत मागून घेत आणि सुतळीशी ताडून बघत. "बाई," एकदा ते मला म्हणाले, "बांध कोरनारे कास्तकार मी आयुष्यभर पाह्यले. दरसाल नांगराच्या एका तासानं, एका रेघेनं, शेजाऱ्याचं शेत खातेत. पन अख्खं शेत आत जाऊन लहान होऊन बाहेर येते, हे मी पाह्यलं नव्हतं. त्या आव्यात काहीतरी घोटाळा आहे." पुढच्या खेपेला ते स्वतः आव्याजवळ खुर्ची टाकून बसले. घोटाळा सापडला नाही. झाकणं पुन्हा आत पडली.

काकांची आणखी एक तऱ्हा वानखडे मास्तरांच्या जिवाला लागली होती. झाकणाला वर धरायला बोंडी असते. काकांची प्रत्येक बोंडी वेगळी. एक बोरासारखी गोल, एक मिरचीसारखी वाकडी, एकीला दोन चिमटे, एकीच्या जागी नुसता अंगठ्याचा खळगा. मास्तरांना अकोल्याच्या प्रदर्शनात वर्गाचा एखादा नीटनेटका संच पाठवायचा होता.

"काका, सगळ्या बोंड्या सारख्या करा ना. शोभा येते."

"शोभेचं काय करायचं? ह्या खुना आहेत."

"कशाच्या?"

"हद्दीच्या. दोन शेताचे दगड सारखे ठेवले तं मानसानं काय करावं?"

आम्ही हसलो. काकाही हसले. मग पुन्हा सुतळीकडे वळून म्हणाले, "पन महालक्ष्म्यांच्या आत सहा तरी बसलीच पाह्यजेत."

हे महालक्ष्म्यांचं टुमणं त्यांनी होळीपासूनच लावलं होतं. सहा झाकणं कशाची हे गल्लीला माहीत होतं. काकांचा मुलगा वसंता नागपूरला कचेरीत होता. त्याच्या बायकोने, सुमनने, मागल्या दिवाळीला सासूला सहा चिनी मातीच्या पांढऱ्या बरण्या पाठवल्या होत्या. एकसारख्या, चकचकीत, बाजारात सहज न मिळणाऱ्या. महिन्याभरात काकांच्या हातून त्यांची सहाही झाकणं एकाच दिवशी फुटली. "सहा झाकनं एका ताटात रचून कोनी अंगनात जाते का?" वेणूकाकू भेटेल त्याला विचारत होती. "म्हन्तेत, धुवाले नेत होतो. या मानसानं जन्मात वाटी धुतली नाई." यंदा महालक्ष्म्यांना मुलगा-सून यायचे होते. सुनेसमोर बरण्या बोडक्या दिसू नयेत म्हणून काकांची ही धावपळ, असा सगळ्यांचा समज होता. माझाही.

आषाढातली एक दुपार. काकूची पुरणाची चाळण माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला मी गेले. काकू चुलीपाशी होती. मी दारात उभी राहिले तरी तिने मान वळवली नाही. मी चाळण भिंतीला टेकवली त्या आवाजाने ती म्हणाली, "कोन, हेडबाई? बसा, च्या ठेवलाच आहे." सहा पांढऱ्या बरण्या फळीवर ओळीने होत्या आणि सहांवर सारख्याच पितळी वाट्या उपड्या घातल्या होत्या. काकूने एक वाटी काढली, चमच्याने काढायचं ते काढलं, चहा गाळला आणि मला व काकांना कपबशा दिल्या. मला देताना कप माझ्या हातापासून वीतभर दूर थांबला. मीच हात पुढे केला.

मी घोट घेतला. चहात मीठ होतं.

मी तोंड उघडणार तोच माझं लक्ष काकांकडे गेलं. ते बशीवरून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. एवढा तोंडाळ माणूस, पण तो डोळ्यांनी विनवणी करत होता. मग त्यांनी मोठ्याने भुरका मारला आणि म्हणाले, "वा! आज च्या जमला."

"म्हन्जे रोज जमत नाई का?" काकू.

"रोज जमते. आज जास्त जमला."

मी घोटाघोटाने कप संपवला. अनुभवाने सांगते, खारट चहा गार होऊ देऊ नये.

काका छत्री घेऊन मला पोचवायला आले. एका भिंतीचं घर, पोचवायचं काय? पण आले, आणि माझ्या ओसरीत खालच्या आवाजात बोलले.

"तुमाले समजलं."

"काकूंना दिसत नाही?"

"उजेड दिसते. मानूस दिसते, तोंड नाई दिसत. पांढऱ्यावर पांढरं तं काहीच नाई."

अशा वेळी काय करायचं ते मी क्रमाने विचारते, तो माझा स्वभाव आहे. पहिली गोष्ट डॉक्टर. काका म्हणाले, "झालं ते. माझे डोळे दाखवाचे म्हनून अकोल्याले गेलो अन् तिले म्हटलं, आलीच आहेस तं तू बी बस खुर्चीवर. डाक्टरनं मले बाहेर बोलावलं. मोतीबिंदू असता तं काढला असता, म्हने. हा तो नाई. गेलं ते येत नाई."

"काकूंना सांगितलंत?"

"तिनं मले सांगितलं नाई, मी तिले विचारलं नाई. ती भिंतीले हात लावून चालते अन् म्हन्ते, पोपडे पाह्यते. मी म्हन्तो, पाह्य."

"पण मुलाला तरी?"

"त्याले समजलं तं तो दोघाइले नागपूरले घेऊन जाईन. वाईट नाई तो, चांगला आहे, म्हनूनच नेईन. तिथं सैपाक सुनेचा. ही कोपऱ्यात बसन. हेडबाई, हिनं जन्मात कोनाच्या हातचं आयतं खाल्लं नाई. हिची चूल गेली तं मंग हिच्यापाशी काय राह्यलं?" ते थांबले. "अन् मन जरा मोकळं करून बोलतो, मले बी तिच्याच हातचं लागते."

आधीच्या मडक्यांत आणि डब्यांत सगळं वेगवेगळं होतं. त्यावेळी काकूचा हात चुकत नसे. सुनेच्या बरण्या आल्या आणि मीठ-साखर एका रूपाची झाली. बरण्या काढून टाकाव्यात तर सून येऊन विचारणार. म्हणून काकांनी झाकणं फोडली होती. धुवायला नेली नव्हती, फोडलीच होती. बोरासारखी बोंडी मिठाची, अंगठ्याचा खळगा साखरेचा, वाकडी मिरची तिखटाची. बोटांना कळावं म्हणून.

"मग गावभर झाकणं का वाटत सुटलात?" मी विचारलं.

"घरात एकदम आली असती तं ती समजली असती, हे माझ्यासाठी केलं म्हनून. आता गावालेच झाकनं लागली तं घरी बी आली. म्हनन, याले येड लागलं." ते समाधानाने म्हणाले. "म्हन्तेच आहे."

पावसाळ्यात कुंभार आवा लावत नाही. पोळ्याच्या सुमाराला उघाड पडली तर मातीचे बैल भाजायला एकदा लावतो, तेवढाच. पोळ्यानंतर आठवड्याभरात महालक्ष्म्या. म्हणजे काकांच्या हाती एकच खेप होती, आणि या माणसाला अजूनही माती आकसते हे मान्य नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, "तुमच्याकडे पडलेली झाकणं आहेत. त्यांच्या सुतळ्याही आहेत. घेऊन या."

आम्ही ती माझ्या ओसरीत मांडली. प्रत्येक झाकणाशेजारी त्याची सुतळी. लहान झाकण थोडं कमी, मोठं झाकण त्या मानाने जास्त कमी. काका एकेकावर वाकून बघत होते. वेगवेगळ्या घरांची, वेगवेगळ्या खेपांची झाकणं, पण सगळी एकाच हिशोबाने उणी.

"सगळ्याइचं सारखंच खाल्लं," ते हळूच म्हणाले.

"हो."

"म्हन्जे चोर आहे, पन मापात चोरी करते."

"तेच तर मास्तर सांगतात. मग आता तेवढं आधीच वाढवून घ्या, म्हणजे झालं."

काका ताठ बसले. "म्हन्जे बरनीचं तोंड येवढं असताना मी तेवढं धरू? खोटं माप?"

"काका, झाकण बसायला हवं आहे ना?"

"बाई, लोकं पैशाची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राह्यली. एक हात जागा सरकवा म्हने. मी नाई सरकवली. अन् आता चिखलासाठी सरकवू?" ते उठून ओसरीत फेऱ्या घालू लागले. भिंतीपलीकडे काकूच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पितळेची वाटी असावी. गोल फिरत फिरत ती थांबली. काकाही थांबले. खिशातून कोरी सुतळी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

"गाठ तुमी मारा. माझ्या हातून व्हायची नाई."

मी हिशोबाने गाठ थोडी पुढे सरकवून मारली.

श्रावणाच्या शेवटी उघाड पडली. कुंभाराच्या बैलांच्या रांगेत काकांची झाकणं भाजून निघाली. ती बरण्यांवर ठेवली तेव्हा मी तिथे होते. काकांनी पहिलं झाकण दोन्ही हातांनी ठेवलं. ते आत पडलं नाही. थोडं खुळखुळलं आणि बसलं. काकांनी ते काढलं आणि पुन्हा ठेवलं, मग पुन्हा काढून ठेवलं, आणि काकू ओरडली, "अवो, बरनी झिजन!"

नागपूरहून मुलगा-सून आले. सुमन पोर गुणी होती. आल्या आल्या पदर खोचून कामाला लागली, मखर सजवलं, मुखवटे पुसले. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी पहाटेच भाज्या चिरायला गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर विळी घेऊन बसले. काकू न्हाणीत होती. सुमन आतून हसत हसत आली आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "बाई, गंमत बघा."

फळीवरच्या सहाही बरण्यांवर नवीकोरी पांढरी झाकणं होती. काकांची झाकणं खाली टोपलीत पडली होती. नागपूरची दुकानं पालथी घालून पोरीने जोडीची झाकणं मिळवली होती, आणि सासूला सणाच्या दिवशी चकित करायचं तिने ठरवलं होतं. ओसरीत मखराला पताका लावणाऱ्या काकांनी ते पाहिलं आणि पताकेची दोरी त्यांच्या हातातून सुटली.

काकू ओलेती आली, चूल पेटवली, आंबिलीचं भांडं चढवलं आणि फळीकडे हात नेला. तिची बोटं एका झाकणावर टेकली. गुळगुळीत. दुसऱ्यावर गेली. तेही गुळगुळीत. तिसऱ्यावर ती गेलीच नाहीत, अधांतरी थांबली. वसंता मागच्या दारात दात घासत उभा होता.

"सूनबाई," काका म्हणाले, आणि उंबऱ्यापर्यंत येऊन अडले. जे बोलावं त्यातून सगळं उघडं पडणार होतं.

काकूने हात खाली घेतला आणि ती हसली.

"सुमन, माय, झाकनं बदलली का व?"

"हो, आई! मूळची जोडीची मिळाली. ती आधीची किती वेडीवाकडी होती. आज पाहुणे येतील ना."

"गोजिरी आहेत माय, बरनीले शोभतेत. पन तुह्या सासऱ्यानं वरीसभर चिखल तुडवला तवा कुठं ती सहा बसली. आज सनाच्या दिवशी त्याइचं मन नको मोडू. म्हातारपनाचं येड आहे, सांभाळून घ्या लागते. ही नवी पेटीत ठेव. अन् तीच लाव."

सुमन खजील झाली. "मामंजी, माझ्या लक्षातच आलं नाही." तिने टोपली उचलली. पण कोणतं कुठे ते तिला कसं कळणार? तोवर काका उंबरा ओलांडून आत आले होते. "सरका सरका, ते तुमचं काम नाई. हद्द मी कायम करतो." आणि त्यांनी एकेक झाकण जागच्या जागी बसवलं, तोंडाने घोषणा करत: "पूर्वेले मीठ. त्याच्या पश्चिमेले साखर. मंग तिखट, हळद..." वसंता चूळ भरून हसत म्हणाला, "बाबा, महालक्ष्म्यांनाही नकाशा देणार का?"

मी काकूकडे पाहिलं. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं आणि ती एकेक नाव ऐकत होती.

त्या दिवशी पुरणात गोडी बरोबर होती आणि कढीत मीठ बरोबर होतं. वसंता तीनदा म्हणाला की अशी आंबील नागपुरात मिळत नाही. जाण्याच्या दिवशी त्याने विषय काढलाच. "आई, आता इथलं आवरा आणि चला आमच्याकडे." काकू म्हणाली, "अजून हात चालतेत रे. ते थांबले की सांगीन." मुलगा-सून अकोल्याच्या गाडीने गेले. काका आणि मी स्टेशनवर होतो. काकू गर्दीत नको म्हणून आली नव्हती.

दिवाळीनंतर एका सकाळी काकूने मला भिंतीवरून हाक मारली. मी गेले तेव्हा ती उन्हात बसून तांदूळ निवडत होती. बोटांनीच.

"हेडबाई, यांले एक सांगाल का? मेथीच्या डब्याले बी एक झाकन करा म्हना. त्याची खून येगळी पाह्यजे. मोहरीचा डबा अन् तो हाताले सारखेच लागतेत."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"माझं नाव नका घेऊ," ती म्हणाली. "तुमाले दिसलं म्हनून सांगा."

"तुम्हीच का नाही सांगत?"

"मी कशी सांगू, बाप्पा?" काकू हसली आणि सुपातले तांदूळ सारखे केले. "मले तं सारं दिसते ना!"

रविवारी वर्गात मी काकांना सांगितलं की त्यांच्या मेथीच्या डब्याचं झाकण बरोबर नाही, मला दिसलं. एखादं करून टाका.

काकांनी वर पाहिलं. "मेथीचा डबा? तुमाले दिसला?"

"हो. मला."

त्यांनी सुतळी खाली ठेवली; निरोप कोणाचा ते त्यांनी ओळखलं असावं. थंडी पडू लागली की काकू दरवर्षी त्यांच्या गुडघ्यांसाठी मेथीचे लाडू करते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"म्हन्जे यंदा बी ते कडू लाडू सुटत नाई," काका म्हणाले, आणि त्यांनी मातीचा गोळा दोन्ही हातांत असा काही घट्ट धरला, की वानखडे मास्तरांना सांगावं लागलं, "काका, जरा हलक्या हातानं."